निळा दिवा लागेपर्यंत

सेल फुगलाय हे आधी डोळ्यांना दिसलं नाही, डब्याचं झाकण बसेना तेव्हा कळलं. आमचा मिनी प्रोजेक्ट साधाच होता. हवेचं तापमान आणि आर्द्रता नोंदवून वाय-फायवरून पाठवणारा, उघड्यावर ठेवायचा एक डबा. आत वाय-फाय असलेला ईएसपी३२ कंट्रोलर बोर्ड, सेन्सर, ५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) लिथियम आयनचा चपटा पाऊच सेल आणि टीपी४०५६ आयसी असलेलं बोटभर लांबीचं चार्जिंग मॉड्यूल. तीन आठवडे झाकण टक् करून बसत होतं. त्या दिवशी एक कोपरा वर राहिला. मी अंगठ्याने दाबायला गेलो तर पार्टनर ओरडला, "अरे दाबू नको, आधी आत बघ!"

आत सेलची उशी झाली होती. चंदेरी पिशवी गुबगुबीत, कडेची शिवण ताणलेली. लॅबमधले मामा आले, आम्हाला बाजूला केलं, चार्जरची वायर काढली, सेलच्या दोन्ही वायरी एकेक करून कापल्या आणि टोकांना टेप लावून उशी वाळूच्या बादलीत ठेवली. "दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत," एवढंच म्हणाले. एकाच कटरच्या पात्यात दोन्ही आल्या की शॉर्ट होतो, हे आम्हाला नंतर सुचलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "चार्जिंग करंट किती ठेवलाय?"

"मॉड्यूल आहे सर, ते स्वतःच ठरवतं."

"सेल केवढा आहे हे मॉड्यूलला कोण सांगणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तोवर चार्जिंग म्हणजे पाण्याची टाकी भरण्यासारखं काहीतरी, आणि भरली की दिवा लालचा निळा होतो, इतकीच आमची समज होती. डेटाशीट तीन आठवडे लॅपटॉपमध्ये पडून होती. उघडली ती त्या संध्याकाळी.

टीपी४०५६ ला सेलच्या क्षमतेची काडीची कल्पना नसते. त्याच्या प्रोग पिनवर जो रेझिस्टर असेल, त्यावरून तो करंट ठरवतो. सूत्र सोपं आहे, १२०० भागिले रेझिस्टन्स. मॉड्यूलवर कारखान्यातूनच १.२ किलोओहम बसवलेला येतो, म्हणजे १ अँपिअर. २००० ते ३००० एमएएचच्या दंडगोल १८६५० सेलला ते ठीक आहे. आमच्या ५०० एमएएचच्या सेलला १ अँपिअर म्हणजे २सी झालं; सी म्हणजे सेलच्या क्षमतेइतका करंट, इथे ५०० मिलिअँपिअर. सेलच्या कागदावर नेहमीचा चार्ज ०.५सी आणि जास्तीत जास्त १सी असं स्वच्छ छापलेलं होतं. बिचारा सेल तीन आठवडे टिकला हेच खूप.

तेव्हा पहिलं काम, तो रेझिस्टर बदलायचा. २५० मिलिअँपिअर हवे होते, डेटाशीटच्या तक्त्यात त्यासाठी ५ किलोओहम दिला आहे. लिहायला एक ओळ लागते, करायला आमची अख्खी दुपार गेली. रेझिस्टर तांदळाच्या दाण्याच्याही निम्म्याहून लहान, पाठीवर बारीक अक्षरात १२२ लिहिलेलं. एका टोकाला सोल्डर लावून दुसरं टोक तापवलं की पहिलं गार होतं. शेवटी दोन्ही बाजूंना भरपूर सोल्डर चढवलं आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक आडवं धरून दोन्ही गुठळ्या एकदम वितळवल्या, तेव्हा तो टोकाला चिकटून अलगद बाहेर आला. जिथून निघाला तिथे तांब्याचा एक पॅडही किंचित उचलला गेला. नवीन रेझिस्टर बसवून मीटरने ४.९८ किलोओहम दिसला तेव्हा पार्टनर म्हणाला, "चला, झालं." झालं काहीच नव्हतं.

चार्जिंग कसं चालतं ते इथेच सांगून टाकतो, पुढे लागेल. लिथियम आयन सेल दोन टप्प्यांत चार्ज करतात. आधी करंट कायम ठेवायचा आणि व्होल्टेज चढू द्यायचं. व्होल्टेज ४.२ ला पोचलं की ते तिथेच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग पूर्ण बंद. आमच्या बाबतीत २५ मिलिअँपिअर. सेल फार उतरलेला असेल, २.९ व्होल्टच्या खाली, तर हा आयसी सुरुवातही दहाव्या हिश्श्यानेच करतो. यातला "पूर्ण बंद" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. लेड ॲसिड बॅटरी भरल्यावरही चार्जरला टांगून ठेवता येते, निकेलचे सेल हळू ओव्हरचार्ज थोडाफार पचवतात. लिथियम आयनला ती सोय नाही. ४.२ च्या वर ढकलत राहिलं की कॅथोडमधून, म्हणजे सेलच्या धन बाजूच्या थरातून, गरजेपेक्षा जास्त लिथियम ओढलं जातं, त्याची रचना डळमळते, ऑक्सिजन सुटू लागतो, आणि इलेक्ट्रोलाइट तर ज्वालाग्राही. आमच्या उशीत भरलेला वायू अशाच कुठल्यातरी रासायनिक भानगडीतून आला होता.

नवा सेल आणला. सर म्हणाले, दिव्यावर विश्वास ठेवू नका, ग्राफ काढा. म्हणून दर पाच मिनिटांनी व्होल्टेज आणि करंट वहीत लिहायचे ठरले. मी मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर लावून चार्जर आणि सेलच्या मध्ये घातला. ग्राफ भलताच आला. सेल ३.९५ व्होल्टवर असतानाच करंट उतरायला लागला आणि चार्जिंग रेंगाळलं. आम्हाला वाटलं आयसी खराब आहे, मॉड्यूल बदलायला निघालो होतो.

दोष मीटरचा होता. त्या रेंजवर मीटरच्या आत साधारण एक ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायला वाटेत घातलेला रेझिस्टर, असतो. २५० मिलिअँपिअर वाहिले की त्याच्यावरच पाव व्होल्ट पडतं. चार्जरला आपल्या तोंडाशी ४.२ दिसतात, सेलला मिळतात ३.९५. चार्जर बिचारा नियमाने वागत होता, मोजायला गेलेले आम्हीच मध्ये बसलो होतो. मग मीटर काढून ०.१ ओहमचा रेझिस्टर टाकला आणि त्यावरचे मिलिव्होल्ट मोजले. २५० मिलिअँपिअरला फक्त २५ मिलिव्होल्ट. ब्रेडबोर्डच्या ढिल्या भोकांतूनही असंच व्होल्टेज गळतं, म्हणून सेलच्या वायरी सरळ मॉड्यूलला सोल्डर केल्या. यानंतरचा ग्राफ पुस्तकातल्यासारखा आला: करंटची सपाट रेघ, मग गुडघा, मग लांबलचक उतार.

फक्त हा ग्राफ काढताना बोर्ड जोडलेला नव्हता. बोर्ड जोडून डबा रात्रभर चार्जिंगला लावला आणि सकाळी पाहिलं तर लाल दिवा तसाच. दुसऱ्या रात्रीही लाल. गंमत म्हणजे पूर्वी, जेव्हा सगळं चुकीचं होतं, तेव्हा निळा दिवा अधूनमधून लागायचा. दुरुस्ती केल्यावर तो लागायचाच बंद झाला.

यावर आम्ही दोघं बराच वेळ भांडलो. पार्टनरचं म्हणणं सोल्डरिंग करताना मी आयसी जाळला. मी वही उघडून बसलो. ईएसपी३२ वाय-फाय चालू ठेवून सरासरी १०० मिलिअँपिअरच्या आसपास घेत होता, पाठवताना क्षणभर त्याहून बराच जास्त. हा करंट सेलच्याच टोकांवरून जात होता. टीपी४०५६ ला सेलचा करंट आणि बोर्डाचा करंट वेगळा ओळखता येत नाही, त्याच्या पिनमधून एकूण किती जातो तेवढंच त्याला कळतं. पूर्वी बंद होण्याचा उंबरठा १०० मिलिअँपिअर होता, बोर्ड त्याच्या आसपास खेळत असे, म्हणून दिवा कधी निळा कधी लाल. आता उंबरठा २५ वर आला होता आणि बोर्ड एकटाच त्याच्या चौपट खात होता. चार्जरच्या लेखी सेलची भूक कधी संपणारच नव्हती. म्हणजे सेल भरला तरी चोवीस तास ४.२ व्होल्टवर ताणून धरलेला. पहिल्या सेलच्या मरणात २सी करंटइतकाच हाही वाटेकरी असणार.

याच चौकशीत आणखी एक लाजिरवाणी गोष्ट निघाली. मॉड्यूलवर सेलसाठी बी प्लस, बी मायनस आणि लोडसाठी आउट प्लस, आउट मायनस असे वेगळे पॅड असतात. आम्ही बोर्ड सरळ बीच्या पॅडवर जोडला होता, कारण डब्यात ती बाजू जवळ पडत होती. संरक्षण करणारा डीडब्ल्यू०१ आयसी सेलची ऋण वाट तोडून काम करतो आणि ती वाट बी मायनस व आउट मायनसच्या मध्ये आहे. म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने संरक्षण असून नसल्यासारखं. बोर्डाने सेल पार रिकामा केला असता तरी त्याला कोणी अडवलं नसतं. "प्रोटेक्शनवालं मॉड्यूल आहे" हे आम्ही पहिल्या रिव्ह्यूमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं. असलं तरी डीडब्ल्यू०१ चार्जिंग तोडतो ४.३ व्होल्टच्या आसपास आणि डिस्चार्ज २.४ ला. ही रोज वापरायची मर्यादा नव्हेच. कठड्याला धडकून गाडी थांबते म्हणून कोणी कठड्याला ब्रेक म्हणत नाही.

उपाय ठरलेला आहे. यूएसबी लागलेली असताना बोर्डाने थेट यूएसबीवर चालायचं, सेल फक्त चार्ज व्हायचा. यूएसबी काढली की बोर्ड सेलवर. हे काम आतच करणारे चार्जर आयसी मिळतात, आणि पुन्हा करायचं झालं तर मी तसलाच घेईन. तेव्हा हाताशी होतं ते वापरलं: एक शॉटकी डायोड (एकाच दिशेने, कमी व्होल्टेज खाऊन करंट जाऊ देणारा), एक पी चॅनेल मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच) आणि एक रेझिस्टर. यूएसबीचे ५ व्होल्ट डायोडमधून बोर्डाला. सेल मॉस्फेटमधून बोर्डाला. मॉस्फेटचा गेट यूएसबीला, शिवाय एका रेझिस्टरने ग्राउंडला. यूएसबी असेल तर गेट वर आणि मॉस्फेट बंद, नसेल तर गेट खाली आणि मॉस्फेट चालू.

आता खरी गोष्ट. गेट सोडून मॉस्फेटला दोन टोकं असतात, ड्रेन आणि सोर्स. पाहिलेल्या प्रत्येक आकृतीत ड्रेन सेलकडे आणि सोर्स बोर्डाकडे होता. आम्हाला वर्गात शिकवलेलं की पी चॅनेल स्विचमध्ये सोर्स पुरवठ्याकडे, ड्रेन लोडकडे. पार्टनर म्हणाला, "एकाने चुकीची काढली, बाकीच्यांनी छापली." मलाही पटलं. आम्ही ती "चूक" सुधारली आणि सोर्स सेलकडे जोडला.

यूएसबी लावली. बोर्ड चालू झाला, लाल दिवा लागला. दीडेक तासाने निळा लागला! दोन आठवड्यांत पहिल्यांदा, बोर्ड चालू असताना. पार्टनरने फोटो काढला. मी सवयीने सेलवर मीटर ठेवलेला तसाच होता. ४.२१. असेल, म्हटलं, मीटर थोडा इकडेतिकडे दाखवतो. दोन मिनिटांनी ४.२२. चार्जरच्या वाटेतल्या शंटवर शून्य मिलिव्होल्ट, म्हणजे चार्जर खरंच बंद होता. ४.२३. मी चार्जरची इनपुट वायर उचकटून काढली. आकडा उतरायला हवा होता. तो ४.२४ झाला. पार्टनरने काही न बोलता अडॅप्टरच उपटला.

चार्जर बंद, तरी सेल भरतोय. भुतासारखं वाटलं, पण पाठ्यपुस्तकातल्या मॉस्फेटच्या चिन्हात एक छोटासा डायोड काढलेला असतो ना, परीक्षेत काढला तर काढला, तो हा. पी चॅनेलमध्ये तो ड्रेनकडून सोर्सकडे वाहतो. आम्ही सोर्स सेलकडे केल्यावर बोर्डाच्या बाजूकडून सेलकडे एक कायमची उघडी वाट झाली, गेट काहीही सांगो. अडॅप्टर ५.१ व्होल्ट देत होता. शॉटकीवर ०.३ गेले, या आतल्या डायोडवर अर्धा गेला, उरले ४.३. करंटवर कसलंही नियंत्रण नाही, कुठे थांबायचं याचा पत्ता नाही. आणि निळा दिवा तर सेल चार्जरच्या मर्यादेवर गेला म्हणून लागला होता. ज्या दिव्याचा आम्ही फोटो काढला, तो धोक्याचा दिवा होता.

सरांना सांगितलं तर ते हसले आणि फळ्यावर दोन्ही दिशांनी डायोड काढून दाखवला. वर्गातला नियम खोटा नाही, पण तिथे लोडच्या बाजूला दुसरा पुरवठा नसतो. इथे आहे. इथे डायोडचं तोंड सेलकडून बोर्डाकडे हवं, म्हणून मॉस्फेट उलटा. मी तो मुंगीएवढा मॉस्फेट फिरवून बसवला. यूएसबी काढली की बोर्ड रीसेट होई, तेही थोडक्यात निस्तरलं: गेटवर १०० किलोओहम होता आणि इनपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यामुळे गेट सावकाश उतरे आणि तोवर बोर्ड त्या आतल्या डायोडच्या तुटपुंज्या व्होल्टेजवर तगून राही. १० किलोओहम केला, बोर्डाच्या बाजूला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. रीसेट थांबला.

राहिलं तापमान. डबा उन्हात राहणार, म्हणून हे टाळून चालणार नव्हतं. चार्जिंग साधारण ० ते ४५ अंश सेल्सियसमध्येच करायचं. थंडीत लिथियम ॲनोडच्या (ऋण बाजूच्या थराच्या) आत शिरण्याऐवजी वर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. टीपी४०५६ ला यासाठी टेंप पिन आहे, तिच्यावरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या ४५ ते ८० टक्क्यांमध्ये असेल तरच चार्जिंग चालतं. पण या मॉड्यूलवर ती पिन सरळ ग्राउंडला सोल्डर करून टाकलेली असते, म्हणजे तापमानाची तपासणीच बंद. आयसीची एक नंबरची पिन सुईने उचलताना मी श्वास धरून होतो. पिन तुटली असती तर मॉड्यूल गेलंच. पिनखाली सुईचं टोक सरकवलं, वरून सोल्डर तापवलं, ती केसभर वर आली. तिला पातळ एनॅमलची तार जोडली.

१० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, घेतला. त्याचा रेझिस्टन्स ० अंशाला ३३ किलोओहमच्या पुढे आणि ४५ ला साधारण ४.३५. डेटाशीटच्या सूत्रात टाकल्यावर वरचा, म्हणजे पुरवठा आणि टेंप पिनमधला, रेझिस्टर ४.८६ आणि थर्मिस्टरला समांतर ४६ किलोओहम आला. बाजारात मिळणारे जवळचे ४.७ आणि ४७ लावले. तपासायला थर्मिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्याच्या ग्लासात सोडला. ४६ अंशांच्या आसपास लाल दिवा विझला. निळाही लागला नाही, दोन्ही बंद, डेटाशीटमध्ये लिहिलंय तसंच. बर्फाच्या पाण्यातही दोन्ही बंद. मधल्या पाण्यात पुन्हा लाल. या चाचणीत मला जितकी मजा आली तितकी सबंध सेमिस्टरमध्ये आली नव्हती. मग थर्मिस्टर सेलच्या पोटाला उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवला, आयसीच्या नव्हे, कारण आयसी स्वतःच तापतो.

सेल फार उतरू नये म्हणून कोडमध्ये ३.४ व्होल्टला डीप स्लीप, म्हणजे बोर्डाची जवळजवळ बंद अशी झोप, टाकला. सर म्हणाले, "कोड हँग झाला तर?" त्यासाठी आता बोर्ड खरोखर आउटच्या पॅडवर होता, २.४ ला का होईना डीडब्ल्यू०१ तोडेल. फार काळ त्याहून खाली राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं आत शॉर्ट करू शकतं. म्हणून तसा सेल सापडला तर चार्ज न करता टाकून द्यायचा, हे रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात घातलं.

शेवटची चाचणी दिवसाच केली, समोर बसून, डबा लोखंडी ट्रेमध्ये ठेवून. बोर्ड चालू, दर पाच मिनिटांनी आकडे पाठवतोय. शंटवर २५ मिलिव्होल्ट, मग १८, मग ९, मग ४. अडीच तास होऊन गेले होते. २.६ मिलिव्होल्टवर दिवा निळा झाला आणि शंट शून्यावर आला. सेल ४.१९. या वेळी फोटो कोणी काढला नाही, दोघंही मीटरकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी ४.१९. अर्ध्या तासाने ४.१८. आकडा उतरत होता.

मामा लॅब बंद करायला आले. "झालं का पोरांनो? मग ती तुमची उशी पण न्या, बादली मला लागते." उशी एव्हाना आणखी थोडी फुगली होती. टोकांवरची टेप नीट आहे ना ते पाहिलं आणि ई-कचऱ्याच्या पेटीपर्यंत बादलीसकट उचलून नेली.